बटरफ्लायला सोडलंत, आणणार कोण?

पाळोळेहून उत्तरेला, आगोंदच्या वाटेवर बटरफ्लाय बीच आहे. पांढरट वाळू, मागे रान, आणि मोबाईलची रेंज भरवशाची नाही. पाठीवर सॅक घेतलेली पोरं विचारतात, "दादा, फक्त सोडायचे किती?" येताना रानातल्या वाटेने चालत येऊ, तेवढेच पैसे वाचतील, असा त्यांचा हिशेब. आपणही भाडं मिळतंय म्हणून हो म्हणतो. मीही म्हणायचो.

एकदा दोघांना सकाळी सुकतीला सोडलं. वाळू ऐसपैस होती. सहाएक तासांनी भरती चढली की ती एवढीशी उरते, हे मी त्यांना सांगितलंच नाही. संध्याकाळी जाळी टाकायला निघालो तर दोघं खडकावरून हात करतायत. वाट सापडली नव्हती, प्यायचं पाणी संपलेलं, वारा उठलेला. त्या लाटांत होडी लावताना इंजिनाचा पंखा खडकाला लागता लागता राहिला. पैसे घेतले नाहीत. घेणार कुठल्या तोंडाने?

तेव्हापासून एकेरी भाडं बंद. चार-पाच जण जमले की जाऊन-येऊन भाडं वाटून घ्या म्हणतो. त्यांना परवडतं, आपला तेलाचा खर्चही सुटतो. लाईफ जॅकेट बसतानाच घालायला लावतो. परतीची वेळ भरती बघून ठरवतो, दुपारचा वारा जोर धरायच्या आत. उतरताना डोकी मोजतो, चढतानाही.

शेअर भाड्याचा एकच दर ठरवायचा विषय पुढच्या बैठकीत आहे. होडीवाल्यांनी जरूर यावं.