पठारावर खारे पाणी, टाकीत ऑक्टोपस

घरच्या काचेच्या टाकीत ऑक्टोपस पाळण्याचा विचार निघाला की बहुतेकांचे लक्ष त्या विलक्षण प्राण्याकडे जाते. प्रत्यक्षात पाळणाऱ्याला आधी पाणी सांभाळावे लागते, आणि समुद्रापासून जितके दूर जावे तितके हे काम अवघड होते. पुणे–दौंड लोहमार्गावरचे खुटबाव हे गाव कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि दौंड तालुक्याच्या ऊसपट्ट्यात आहे. अशा ठिकाणी पाण्याचा खारेपणा, गारवा आणि प्राणवायू या साऱ्याच गोष्टी यंत्राने व मोजमापाने घडवाव्या लागत असल्यामुळे या छंदाच्या अटी तेथे अधिक स्पष्टपणे ध्यानात येतात.

मत्स्यालयाच्या इतिहासाशी या प्राण्याचे नाते आरंभापासूनचे आहे. जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने १८३२ साली सिसिलीत सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या तयार केल्या, आणि आर्गोनॉट या ऑक्टोपसच्या जातभाईची मादी आपले पातळ कवच स्वतःच घडवते, दुसऱ्या जीवाचे बळकावत नाही, हे त्यांच्या आधारे सिद्ध केले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी समुद्र दाराशी होता. पठारावरच्या गावाला ती सोय नाही.

ऑक्टोपस हा शिंपले व गोगलगायी यांच्याच मृदुकाय संघातला, परंतु कवच गमावलेला प्राणी आहे. त्याला तीन हृदये असतात आणि त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिनऐवजी तांबेयुक्त हिमोसायनिन करते, म्हणून ते रक्त निळसर दिसते. हिमोसायनिनची वहनक्षमता कमी असल्याने पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असावा लागतो. शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखण्याची सोयही त्याच्याजवळ नसते, त्यामुळे खारेपणातला अचानक बदल त्याला सोसत नाही. विरोधाभास असा की रक्तात तांबे बाळगणारा हा जीव पाण्यात विरघळलेल्या तांब्याच्या अल्प अंशानेही दगावतो; म्हणून पितळी तोट्या, तांब्याच्या नळ्या आणि माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे टाकीपासून दूर ठेवावी लागतात.

पाणी तयार करण्याची सुरुवात गोड्या पाण्यापासून होते. बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि बागायती भागात त्यात खतांतील नायट्रेट उतरलेले असण्याचा संभव असतो. ते आर.ओ. यंत्रातून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, आणि शक्य तर उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनमधून गाळून घ्यावे लागते. पिण्यासाठीच्या काही आर.ओ. यंत्रांत चव राखण्याकरिता थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची झडप असते; टाकीसाठी ती बंद ठेवावी लागते. या शुद्ध पाण्यात स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियमही असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवतात. ३०० लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत साडेदहा किलोच्या आसपास मीठ लागते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते, म्हणून रोजची घट खाऱ्या नव्हे तर गाळलेल्या गोड्या पाण्याने भरून काढायची असते.

पाणी खारे झाले म्हणजे टाकी तयार झाली, असे मात्र नाही. प्राण्याची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे एका गटाचे जीवाणू नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटाचे जीवाणू तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ऑक्टोपस मांसाहारी व खादाड असल्याने त्याची घाणही जास्त असते, म्हणून जाणकार टाकीला तीन महिने मुरू देतात आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर टिकल्यानंतरच प्राणी आणतात. त्यानंतरही नायट्रेट साचत राहत असल्यामुळे नियमितपणे काही पाणी बदलावे लागते, तर प्रोटीन स्किमर हे यंत्र सूक्ष्म बुडबुड्यांना चिकटणारा सेंद्रिय मळ फेसाच्या रूपाने बाहेर काढते.

उष्ण कटिबंधातील जातींना साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. दौंडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू नेमका कमी होतो. म्हणून पाणी थंड करणारे चिलर यंत्र येथे चैनीची वस्तू ठरत नाही. वीज गेल्यावर पंप थांबतो आणि बंदिस्त टाकीतला प्राणवायू काही तासांत घटू शकतो, त्यामुळे हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडणे हा उभारणीचाच भाग मानला पाहिजे.

टाकीची रचना करताना हा प्राणी पळपुटा आहे हे गृहीत धरावे लागते. त्याच्या शरीरात चोचीखेरीज कठीण असे फारसे काही नसल्याने तो अगदी अरुंद फटीतून निसटतो. न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ साली टाकीबाहेर पडून सांडपाण्याच्या नळीवाटे समुद्रात गेल्याची बातमी जगभर गाजली. म्हणून घट्ट, कुलूपबंद झाकण, नळ्यांच्या छिद्रांना जाळी आणि पंपाच्या तोंडाला स्पंज आवश्यक असतो. आत लपण्यासाठी दगडांच्या कपारी, मंद उजेड आणि हाताळण्यासाठी वस्तू हव्यात. सोबत मासे ठेवू नयेत. लहान मासे तो खातो आणि मोठे मासे त्याला त्रास देतात.

खेकडे, कोळंबी आणि तिसऱ्या हे त्याचे खाद्य. ओढ्यातले खेकडे जवळ मिळत असले तरी शेतातून वाहून आलेल्या कीटकनाशकांचा अंश त्यांत असू शकतो, म्हणून समुद्री खाद्य धुऊन, गोठवून ठेवणे अधिक सुरक्षित. उरलेले तुकडे त्याच दिवशी काढावेत. घाबरून त्याने शाई सोडली तर क्रियाशील कोळशाचा गाळणा वापरून बरेचसे पाणी तत्काळ बदलावे लागते.

एवढ्या खटाटोपानंतरही सहवास अल्प असतो, कारण बहुतेक लहान जाती सहा महिने ते दोन वर्षेच जगतात आणि मादी अंडी राखता राखता अन्न सोडून मरते. अनेक जातींची पिल्ले प्रवाहाबरोबर तरंगत वाढत असल्याने ती घरी जगवता येत नाहीत, म्हणजे पाळला जाणारा प्राणी बहुधा समुद्रातूनच पकडलेला असतो. निळ्या वलयांचा ऑक्टोपस तर टेट्रोडोटॉक्सिन या प्राणघातक विषामुळे घरात पूर्णतः वर्ज्य आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसच्या गटाला संवेदनक्षम प्राण्यांत गणले, तर मालवणच्या किनाऱ्याला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. हे सारे लक्षात घेता खुटबावच्या हौशी माणसाने प्रथम काटक समुद्री मासे ठेवून उन्हाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एक पूर्ण वर्ष खाऱ्या पाण्याची टाकी चालवावी. त्या वर्षात खारेपणा, तापमान आणि अमोनियाच्या नोंदी स्थिर राहिल्या नाहीत, तर ऑक्टोपस आणण्याचा विचार सोडून द्यावा आणि तो पाहण्यासाठी ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने तेथील जीवसृष्टीच्या नोंदी ठेवल्या आहेत, आणि तिच्यात ऑक्टोपसही आहे.