दारोदार विकणाऱ्याचे सोबती

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत साड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेल्या बायका आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. नंदुरबारला उतरायचे, आपल्या आळीत घरोघर माल दाखवायचा, हप्त्याने द्यायचा आणि महिनाभर हप्ते गोळा करीत हिंडायचे, हा त्यांचा व्यवसाय. अशा बाईला धनी नाही, ह्याचे आम्ही कौतुक करतो. परंतु धनी नाही म्हणूनच तिला सोबतीही नाहीत, हे आमच्या ध्यानात येत नाही.

कचेरीतल्या कारकुनाला साहेब बोलला तर शेजारच्या टेबलावर मन मोकळे करता येते. दारोदार फिरणारीला दहा घरांतून नकार मिळाला, तर माल वाईट की भाव जास्त, की आपल्यातच काही उणे, हे एकटीने ठरवायचे असते. दुसरीला तोच माल काय भावाने पडला, हे तिला ठाऊक नसते. कोणते घर उधारी बुडवते, हे ती स्वतः बुडाल्यावरच शिकते.

धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात निराळे दिसते. आमचूर विकणारीशेजारी दुसरी आमचूरवालीच बसलेली असते. भावासाठी दोघींची चुरस चालते. पण एक पाणी प्यायला उठली तर दुसरी तिच्या मालावर लक्ष ठेवते, सुटे पैसे देते, लबाड तराजूवाल्याची खूण सांगते. ह्याला कोणी संघटना म्हणत नाही. दारोदार विकणारीच्या वाट्याला एवढेही येत नाही, कारण प्रत्येकीची गल्ली वेगळी.

ही उणीव कंपन्यांनी फार पूर्वी ओळखली. अमेरिकेत टपरवेअर कंपनीने १९५१ साली आपले प्लास्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि घरगुती बैठकांतून विकायला आरंभ केला. ह्या विक्रीची सूत्रे ब्राउनी वाइज नावाच्या बाईंकडे होती. त्यांनी विक्रेत्या गृहिणींचे मेळावे भरवले, बक्षिसे दिली, नावानिशी कौतुक केले. घरात ज्यांचे कोणी नाव घेत नव्हते, त्यांना ते कौतुक पैशाइतकेच मोलाचे वाटले, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण १९५८ साली मालकाने वाइजबाईंनाच काढून टाकले. हाती एक वर्षाचा पगार पडला. कंपनीत त्यांचा एकही भाग नव्हता. मेळा त्यांनी जमवला, मालकी दुसऱ्याची होती.

ह्याहून वाईट प्रकार म्हणजे साखळीचा. 'तुम्ही पाच जोडा, ते पाच-पाच जोडतील,' असे सांगणारा दिवाणखान्यात येतो, तेव्हा पाटी-पेन्सिल घ्यावी. पाच, पंचवीस, सव्वाशे असे करीत आठव्या पायरीला ३,९०,६२५ माणसे लागतात. आणि २०११ च्या जनगणनेत सबंध नंदुरबार शहराची वस्ती सुमारे १ लाख ११ हजार! शेजारणीला साखळीत घेतले की आपले गिऱ्हाईक गेले आणि आपल्याच गल्लीत प्रतिस्पर्धी उभा राहिला. सोबतीच्या नावाखाली सोबत संपते. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. (त्याच नियमांनुसार थेट विक्रेत्याने ओळखपत्रावाचून आणि आधी विचारल्यावाचून घरी येऊ नये, हे गिऱ्हाइकांनीही लक्षात ठेवावे.) मेळाव्यात टाळ्या कितीही पडोत, पैसा माल विकून येतो की नवी माणसे भरती करून, एवढे विचारावे.

खऱ्या सोबतीचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. अहमदाबादेस इला भट्ट ह्यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली. त्यांत भाजीवाल्या होत्या, जुने कपडे विकणाऱ्या होत्या. सकाळी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि संध्याकाळी व्याजासह फेडायचे, असा अनेकींचा क्रम होता. १९७४ साली चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग आरंभला, तिथेही काम करणारी बहीण हीच मालकीण.

आपल्या जिल्ह्यात बचतगट पुष्कळ आहेत. पण कर्ज मिळण्यापुरतीच त्यांची आठवण होते. साडीवाली, पापडवाली, मिरची-मसालेवाली, अशा आठ-दहा निरनिराळ्या मालाच्या विक्रेत्या महिन्यातून एकदा एकत्र बसल्या, तर काय होईल? माल वेगळा म्हणून चुरस नाही. बुडव्या घरांची नावे तिथल्या तिथे कळतील. साडीवालीच्या ओळखीच्या घरी मसाला जाईल, मसालेवालीच्या घरी साडी. प्रवेशाची फी नको, आणि एकमेकींच्या गळ्यात माल बांधणे तर मुळीच नको. सुरतेला एकीने जावे, चौघींचा माल आणावा, आणि भाडे चौघींनी वाटून घ्यावे. पहिली बैठक कोणाच्याही ओट्यावर भरेल.