कपाटातले यंत्र आणि वर्गातला शिक्षक

एक साधा प्रश्न पाहा. एक अवजड ट्रक आणि एक छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. कोणी कोणावर लावलेले बल जास्त? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणून दाखवणारे विद्यार्थीही पुष्कळदा ‘ट्रकने मोटारीवर लावलेले’ असे उत्तर देतात. वास्तविक दोन्ही बले समान असतात. वस्तुमान कमी असल्यामुळे मोटारीचे त्वरण मात्र जास्त होते. तिची मोडतोड डोळ्यांत भरते आणि बलाचा हिशेब चुकतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या सुमारास अशाच प्रश्नांची चाचणी आपल्या वर्गाला दिली. अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी या साध्या प्रश्नांपाशी अडखळले. उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहायची की आम्हाला वाटते तशी, असेही वर्गातून विचारले गेले! माझूर यांना आपल्या व्याख्यानाची मर्यादा कळून चुकली.

त्यांनी तासाची रचनाच बदलली. थोडे शिकवून झाले की पर्यायांसह एक प्रश्न फळ्यावर द्यायचा. प्रत्येकाने मनाशी विचार करून उत्तर नोंदवायचे. उत्तरांत मतभेद दिसले, तर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि मग पुन्हा उत्तर नोंदवायचे. शेवटी शिक्षकाने स्पष्टीकरण करायचे. उत्तरे झटपट मोजण्यासाठी पुढे ‘क्लिकर’ हे हातात मावणारे यंत्र आले. कळ दाबली की कोणत्या पर्यायाला किती मते पडली, ते पडद्यावर दिसते.

याचा उपयोग होतो का? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. सुरुवातीच्या चाचणीत जे येत नव्हते, त्यापैकी व्याख्यानपद्धतीच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के कमावले, तर विद्यार्थ्यांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के.

आता खरा प्रश्न असा, की पुरावा इतका स्पष्ट असताना सर्व प्राध्यापकांनी या पद्धती का उचलल्या नाहीत? चार्ल्स हेंडरसन आणि मेलिसा डॅन्सी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील भौतिकीच्या ७२२ प्राध्यापकांना याविषयी विचारले. दहापैकी जवळजवळ नऊ जणांना निदान एक तरी नवी पद्धत ठाऊक होती. बहुतेकांनी ती वापरूनही पाहिली होती. पण वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ती सोडून दिली. म्हणजे अडचण माहितीच्या अभावाची नव्हती. पहिल्या प्रयत्नानंतर पाऊल मागे येत होते.

ते का, हे आम्हाला स्वानुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आम्ही या पद्धतीची एक दिवसाची कार्यशाळा घेतली. प्रात्यक्षिक रंगले, टाळ्याही मिळाल्या. वर्षभराने पुन्हा जाणे झाले, तेव्हा क्लिकरचा संच खोक्यासकट कपाटात होता. तेथील एक प्राध्यापिका म्हणाल्या, ‘‘सर, पहिल्याच तासाला मुले चर्चा सोडून गप्पा मारू लागली. प्रश्न सोपा होता की वेळ जास्त दिला, हे विचारायचे कोणाला? पोर्शन तर मागे पडत होता.’’

त्यांचे काहीच चुकले नव्हते. चूक आमची होती. प्रश्न फारच सोपा असेल तर वादाला जागा उरत नाही आणि फारच कठीण असेल तर शेजाऱ्यालाही काही सांगता येत नाही. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर यावीत, तेव्हा चर्चा फळते. हा अंदाज भाषण ऐकून येत नाही. पीएच.डी. करताना उपकरण जुळवायला आम्ही गुरूंच्या शेजारी उभे राहून, चुका करत शिकलो. शिकवण्याचे कसब मात्र एका दिवसात द्यायला निघालो होतो!

शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्येच हे मांडले होते. तत्त्व समजावून सांगणे, करून दाखवणे, सराव करवून घेणे आणि त्यावर अभिप्राय देणे, एवढ्यावर प्रशिक्षण संपत नाही. शिक्षक आपल्या वर्गात परतल्यावर त्याला सोबत लागते. अमेरिकेत भौतिकीच्या नव्या प्राध्यापकांसाठी १९९६ पासून कार्यशाळा होतात. २०१५च्या सुमारास त्यांना अशीच जोड दिली गेली. कार्यशाळेनंतर प्राध्यापकांचे छोटे गट इंटरनेटवरून नियमित भेटतात आणि आपापल्या वर्गातल्या अडचणी एकमेकांपुढे ठेवतात.

आपल्याकडे १९८७ पासून महाविद्यालयीन शिक्षकांसाठी उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग होत आले आहेत. वर्ग संपल्यावर प्रमाणपत्र मिळते. त्यानंतरच्या पहिल्या फसलेल्या तासाला शिक्षकाबरोबर कोण असते, हे पाहायला हवे. त्या तासाला तो एकटा पडला, तर दोष पद्धतीच्या माथी बसतो, यंत्र कपाटात जाते आणि विद्यार्थी पुन्हा नियम पाठ करू लागतात.

यंत्र नसले तरी अडत नाही. २००८ मध्ये कॅनडातील नॅथॅनियल लासरी यांनी क्लिकर वापरणारा आणि साधी कार्डे उंचावणारा असे दोन वर्ग ताडून पाहिले. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा आपणही पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड लिहून ट्रक-मोटारीच्या प्रश्नापासून सुरुवात करू शकता. मात्र त्या तासाला एखाद्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. तास फसला तर दोघे मिळून तो का फसला ते शोधा आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात आपण जाऊन बसा.