मुलाखतीच्या गुणांचे माप

निवडीची कोणतीही पद्धत निर्दोष नसते. प्रश्न एवढाच की, झालेली चूक मागाहून तपासता येते किंवा नाही. लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका मागे उरते. मुलाखतीचा मात्र बहुधा केवळ एक आकडा उरतो.

या दृष्टीने १९८० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा अजय हसिया प्रकरणातील निकाल आजही उद्बोधक आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० व मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न आईवडील व राहते ठिकाण यांविषयीच विचारले गेले, अशी अर्जदारांची तक्रार होती. एकतृतीयांश गुण मुलाखतीला देणे मनमानीचे ठरवून, अशा प्रवेशांत हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक नसावे, असे न्यायालयाने म्हटले.

तथापि, टक्केवारीला मर्यादा घातल्याने प्रश्न मिटत नाही. समजा, एकूण १००० गुणांपैकी मुलाखतीला १५० आहेत. लेखी परीक्षेत एकाला ५२० व दुसऱ्याला ५१० गुण मिळाले. मुलाखतीत पहिल्याला ६० व दुसऱ्याला १२०. लेखी परीक्षेतील अंतर १० गुणांचे, मुलाखतीतील ६० गुणांचे. चुरशीच्या स्पर्धेत लेखी गुण एकमेकांना लागून असतात. त्यामुळे कागदावर १५ टक्के असलेली मुलाखतच अखेर निकाल ठरविते. मग इंग्रजीचा सराव, पेहराव आणि बोलण्यातील सफाई यांनाच गुणवत्ता समजले जाण्याचा धोका असतो. याची झळ प्रथम बसते ती ज्याच्या घरातील पहिलाच पदवीधर अर्ज करतो, त्याला.

याचा अर्थ मुलाखत सर्वत्र त्याज्य आहे, असा नव्हे. लीला धर प्रकरणात, १९८१ साली, न्यायिक सेवेतील प्रौढ उमेदवारांसाठी मुलाखतीचे २५ टक्के गुण न्यायालयाने ग्राह्य मानले. उलट, केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली. पदाच्या स्वरूपानुसार असा भेद करणे उचितच आहे.

जेथे मुलाखत ठेवणे अटळ असेल, तेथे मंडळाला लेखी गुण आधी कळू नयेत. प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. फार कमी वा फार जास्त गुणांची कारणे नोंदवावीत. संभाषण ध्वनिमुद्रित करणे इष्ट, असे न्यायालयानेही अजय हसिया प्रकरणात सुचविले होते. यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. नापास झाल्याचे दुःख तरुण पचवू शकतो. आपल्याला का वगळले, हे कधीच न कळण्याचे दुःख मात्र त्याचा व्यवस्थेवरील विश्वासच पोखरते.