कुत्र्या-मांजराची नखं : महिन्यातून एकदा बघा, ओरखडा आला तर थांबू नका

वस्तीत दाराशी कुत्रा आणि चुलीपाशी मांजर, हे बहुतेक घरांचं चित्र. जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठी पाळला जातो. मायबाप कापूस वेचायला गेले की घर, शेळी आणि कोंबड्या तोच सांभाळतो. मांजर धान्याच्या कणगीवरचे उंदीर आवरतं. या दोघांच्या खाण्याकडं आपलं लक्ष असतं, पण नखांकडं सहसा कुणी बघत नाही. लहान लेकराच्या गालावर ओरखडा उठला की मग नखं आठवतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर नखांची माहिती देत आहोत.

नखं का वाढतात?

जे कुत्रं दिवसभर डांबरी रस्त्यावर, सिमेंटच्या गल्लीत हिंडतं त्याची नखं आपोआप झिजतात. काळ्या मातीत ती कमी झिजतात. दिवसभर साखळीला बांधलेल्या, म्हाताऱ्या किंवा लंगड्या कुत्र्याची तर जवळजवळ झिजतच नाहीत. कुत्रं फरशीवरून चालताना टक-टक आवाज आला, किंवा ते सरळ उभं असताना नख जमिनीला टेकत असलं, तर नख वाढलं असं समजावं.

पुढच्या पायाला आतल्या बाजूनं, थोडं वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. ते वाढत वाढत गोल वळतं आणि शेवटी मांसात घुसतं. मग तिथं पू होतो, कुत्रं लंगडतं आणि पायाला हात लावू देत नाही. दुखणाऱ्या पायावर लेकरानं हात ठेवला की एरवी गरीब असलेलं कुत्रंही चावतं. म्हाताऱ्या मांजराचं नखही असंच वळून गादीत रुततं.

कापायचं कसं?

नखाचं टोक मेलेलं असतं, ते कापलं तर दुखत नाही. पण नखाच्या आत मुळापासून काही अंतरापर्यंत रक्ताची नस असते. नख पांढरं असेल तर ती उजेडात गुलाबी दिसते. तिच्या अलीकडं, थोडी जागा सोडून कापावं. काळ्या नखात नस दिसत नाही. तिथं एकदम मोठा तुकडा न कापता टोकाकडून पातळ-पातळ चकत्या काढाव्यात आणि दर वेळी कापलेली बाजू बघावी. मध्यभागी वेगळा, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबावं. घाई असेल तर नुसतं टोक कापावं. कमी कापलं तर काही बिघडत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा कापता येतं.

जनावरांच्या औषधाच्या दुकानात कुत्र्या-मांजराचा वेगळा नेलकटर मिळतो. शेजारच्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. दर वेळी साबणानं धुऊन, वाळवून ठेवावा. माणसाच्या चपट्या नेलकटरनं कुत्र्याचं जाड नख दबून चिरतं. विळी, ब्लेड किंवा न्हाव्याची नहरणी तर मुळीच वापरू नये. घरच्या माणसांचा नेलकटर जनावराला आणि जनावराचा माणसांना, असंही करू नये.

कुत्रं जेवून, फिरून दमलेलं असताना बसवावं. एकानं मान आणि अंग धरावं, दुसऱ्यानं कापावं. कापण्याआधी चार-आठ दिवस रोज नुसता पंजा हातात घेऊन सोडावा, म्हणजे त्याला सवय होते. पहिल्या दिवशी दोनच नखं कापली तरी चालतात. चावायची खोड असेल तर ओढणीची मऊ पट्टी तोंडाभोवती सैलसर बांधता येते, पण ती काही मिनिटांपुरतीच. कुत्रं तोंडानं धापा टाकूनच अंग थंड करतं. म्हणून उन्हात किंवा धापा टाकत असताना तोंड बांधू नये. मारून, दाबून धरून नखं कापली तर पुढच्या वेळी ते पंजाला हातच लावू देणार नाही.

मांजराची नखं आत ओढलेली असतात. त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून एक पंजा बाहेर घ्यावा आणि बोटाच्या गादीवर हलकेच दाबावं, की नख बाहेर येतं. फक्त अणकुचीदार टोक कापावं. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला कुत्रं मागं लागल्यावर झाडावर चढायला नखं लागतात, म्हणून ती फार आखूड करू नयेत. मांजराची नखं मुळासकट काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात बोटाच्या शेवटच्या पेराचं हाड कापलं जातं.

साधारण तीन-चार आठवड्यांनी कुत्र्याची आणि दोन-तीन आठवड्यांनी मांजराची नखं बघावीत. हे काम मोठ्या माणसानंच करावं. गल्लीतलं मोकाट कुत्रं पकडून त्याची नखं कापायच्या भानगडीत कुणी पडू नये.

रक्त आलं तर?

नस कापली गेली तर रक्त येतं आणि कुत्रं ओरडतं. घाबरू नये. तुरटीची पूड किंवा कोरडं मक्याचं पीठ नखाच्या टोकावर लावून स्वच्छ फडक्यानं पाच मिनिटं दाबून धरावं. चुना किंवा तिखट लावू नये. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही, नख मांसात घुसलं असेल किंवा पू झाला असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातच न्यावं. पशुपालकांसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर चौकशी करता येते.

माणसाला ओरखडा आला तर?

घरोघरी चुकतं ते इथंच. 'चावलं कुठं, नुसतं नख लागलं' असं म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. कुत्री-मांजरं आपले पंजे चाटतात, त्यामुळं नखाला लाळ लागलेली असू शकते. म्हणून ओरखडासुद्धा चाव्यासारखाच धरतात. रक्त न येता कातडी खरचटली तरी लस घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर हा आजार टाळता येतो.

ओरखडा आला की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही भरू नये. जखम बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. गावच्या आरोग्य केंद्रात लस नसेल तर जाफ्राबाद किंवा जालन्याला जावं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. इथं 'पहिला' म्हणजे शून्यावा दिवस, तिथून पुढं मोजायचं. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशीही एक डोस असतो. रोजगार बुडतो म्हणून शेवटचा डोस सोडू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही ही लस देता येते.

अजूनही कित्येकांच्या मनात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची भीती असते. ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आता लस दंडात देतात. आणि मंत्र, ताईत, झाडपाल्याचा रस यानं विष उतरतं, हे कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी खोटं आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरच्या लसीनं जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलावर पहिला उपचार सुरू झाला आणि तो मुलगा वाचला. एवढ्या वर्षांनंतरही आपल्या वस्तीतलं लेकरू मांत्रिकाच्या दारात बसवून वेळ घालवायचा, हे आपल्याला शोभत नाही.

नखं कापली म्हणजे रेबीज टळला असंही समजू नये. नखं आखूड असली तर ओरखडे कमी येतात, पण खरं संरक्षण लसीचंच. पाळलेल्या कुत्र्याला आणि मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढं दर वर्षी. लसीचा कागद रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवावा.

मांजराच्या बोचकाऱ्यातून आणखी एक आजार होतो. पिसवांची घाण मांजराच्या नखात अडकते आणि तीत बार्टोनेला नावाचे जंतू असतात. मग ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत किंवा मानेत गाठ येते, ताप येतो. पिलांच्या बाबतीत हे जास्त होतं. म्हणून मांजराच्या अंगावर पिसवा होऊ देऊ नयेत. अंगठ्याएवढी गाठ दिसली तरी डॉक्टरांना 'मांजरानं बोचकारलं होतं' हे आठवणीनं सांगावं. घरात मधुमेही माणूस असेल तर छोट्या ओरखड्याकडंही दुर्लक्ष करू नये.

रविवारी सगळे घरी असताना कुत्र्याचा पंजा हातात घ्या आणि आतल्या बाजूचं ते वरचं नख आधी बघा.