विश्लेषण : ‘अजून थोडा’ आवळलेला बोल्ट महागात का पडतो?

बाळापूर तालुक्यात शेतात जायचे, दूध पोहोचवायचे किंवा सुमारे २५ किलोमीटरवरील अकोला गाठायचे, तर मोटारसायकलशिवाय अनेकांचे पान हलत नाही. ऑइल बदलणे, चेन ताणणे ही कामे घरच्या अंगणातच उरकली जातात. त्यात हमखास येणारी अडचण म्हणजे जागचा न हलणारा बोल्ट. मागच्या वेळी कोणी तरी ‘अजून थोडा’ आवळलेला असतो आणि जोर लावताच पाना सटकतो.

बोल्ट आवळतो म्हणजे काय होते?

बोल्ट हा एका अर्थी ताठ स्प्रिंग असतो. आवळताना तो अगदी किंचित ताणला जातो आणि या ताणामुळेच दोन भाग घट्ट धरले जातात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर घर्षणातच खर्च होतो. उरलेला जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष पकड निर्माण करतो. मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर परतत नाही. त्याची पकड सुटते, आटे जातात किंवा डोके तुटते.

ड्रेन बोल्टचेच आटे जास्त का जातात?

बोल्ट पोलादाचा असतो, तर इंजिनचे कव्हर तुलनेने मऊ ॲल्युमिनियमचे. त्यामुळे झिजतात ते कव्हरचे आटे. ऑइल आधी थेंबथेंब गळते. दुर्लक्ष केले तर पातळी घटून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, भर उन्हात इंजिन जाम होऊ शकते. दोन मिनिटांच्या कामाची किंमत मग इंजिन खोलण्यात मोजावी लागते.

किती जोर पुरेसा?

६ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, तर ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २२ न्यूटन-मीटर जोर लागतो. ड्रेन बोल्टचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर सात किलोंचा जोर दिला की १० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे छोट्या बोल्टला मनगटाचा जोर पुरतो. त्याच पान्याला पाइप लावून लांबी ६० सेंटिमीटर केली, तर तेवढ्याच जोरात ४० न्यूटन-मीटर होतात. बोल्ट तुटतो तो इथेच.

अडकलेला बोल्ट कसा काढावा?

आधी दिशा तपासावी. गाडीखाली वाकून पाहताना उजवे-डावे उलटे वाटते आणि बोल्ट आणखी आवळला जातो. बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहावे आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे.

काळ्या मातीचा चिखल तारेच्या ब्रशने काढावा. आट्यांजवळ गंज काढणारे तेल सोडून काही तास थांबावे. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले की गंजाची पकड सैल होते. फिक्स पान्याऐवजी सहा कोनांची गोटी किंवा रिंग पाना वापरावा. झटका देऊ नये, जोर सलग आणि वाढत्या क्रमाने द्यावा.

इंजिन काही मिनिटे चालवल्यानेही मदत होते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि पकड किंचित ढिली होते. ऑइल व सायलेन्सरने भाजणार नाही, एवढे मात्र थांबावे. पेट्रोलची टाकी जवळ असल्याने उघडी ज्योत वापरू नये. स्पार्क प्लगला हा उपाय लागू नाही. तो इंजिन थंड झाल्यावरच काढावा.

डोके गोल झाले तर?

पकडीने ओरबाडल्यास उरलेले कोनही जातात. थोडी लहान गोटी डोक्यावर ठोकून बसवता येते. ते जमत नसेल, तर डोक्यावर नट वेल्डिंग करून घेणे हे गॅरेजचे काम. फिरवताना बोल्ट मऊ किंवा रबरासारखा लागला, तर तो तुटण्याच्या बेतात आहे असे समजून तिथेच थांबावे. तुटलेला तुकडा ड्रिलने काढावा लागतो. आटे गेले असतील, तर लेथवाल्याकडे मोठे आटे पाडून किंवा तारेचे इन्सर्ट बसवून कव्हर वाचवता येते.

पुन्हा असे होऊ नये म्हणून?

वायसर नवा टाकावा. बोल्टचे पहिले तीन-चार फेरे पान्याशिवाय, बोटांनीच द्यावेत. वाकडा बसलेला बोल्ट बोटांनाच आधी कळतो. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर आट्यांना तेल लावू नये. घर्षण घटून तेवढ्याच जोरात ताण वाढतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. दुसऱ्या दिवशी गाडी हलवताना खाली तेलाचा डाग आहे का, एवढे पाहिले तरी मोठा खर्च टळू शकतो.