गादी सरकते म्हणजे नेमके काय होते?

हातात एम.आर.आय.चे भले मोठे पाकीट, चेहऱ्यावर भीती आणि तोंडी एकच प्रश्न : "डॉक्टर, गादी सरकली आहे, आता ऑपरेशनच ना?" आमच्या बाह्यरुग्ण विभागात हे दृश्य नित्याचे आहे.

मुळात 'सरकली' हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. दोन मणक्यांमधील गादी, म्हणजेच चकती, वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. ती जागची हलत नाही. आपल्या पाठीच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात. प्रत्येकीच्या बाहेर चिवट तंतूंचे वेष्टण आणि आत पाणीदार, मऊ गर असतो. वाढत्या वयाबरोबर गरातील पाणी कमी होते, वेष्टणाला बारीक चिरा पडतात आणि एखाद्या चिरेतून गर बाहेर येतो. त्याच्या लगतच पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे मूळ असते. त्यावर दाब पडतो, शिवाय गरातील रासायनिक द्रव्यांमुळे तेथे दाहही होतो. म्हणून दुखण्याचे मूळ कमरेत असले, तरी कळ नितंबापासून पोटरीपर्यंत आणि पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. बहुतेक वेळा हा बिघाड कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत आढळतो, कारण शरीराचा भार आणि वाकण्याची हालचाल या दोहोंचा ताण तेथेच अधिक येतो.

फाटलेली चकती आणि सायटिका यांचा हा संबंध १९३४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी स्पष्टपणे मांडला. त्यापूर्वी असे बाहेर आलेले तुकडे पुष्कळदा गाठ समजून काढले जात. या शोधानंतर गर दिसला की तो काढायचा, असा एक समज रूढ झाला आणि आजही तो पुरता गेलेला नाही.

वस्तुतः बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि मोठा, सुटा झालेला तुकडा तर लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचा एम.आर.आय. काढण्यात आला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत किमान एका चकतीचा फुगवटा आढळला. अहवालातील शब्द वाचून घाबरू नये, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. रुग्णाची तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच त्या चित्राला अर्थ.

पायाळू माणसाचा पाय लावला की उसण जाते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. उसण हे बहुधा स्नायूंचे दुखणे. तेही आपले आपण बरे होते आणि श्रेय पायाळूच्या पदरी पडते. चकतीच्या विकारातही बहुसंख्य रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत सुधारतात, मग उपचार गोळ्यांचा असो वा पट्ट्याचा. मात्र अंथरुणाला खिळून राहिल्याने सुधारणा लवकर होते, हे खरे ठरलेले नाही. एक-दोन दिवस विसावा घ्यावा, नंतर सोसेल तेवढे चालावे आणि कळ ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा. कंबर जोराने चोळून वा तुडवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

मग शस्त्रक्रिया कोणाला? २००७ साली नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. अर्थात थांबून पाहणाऱ्या गटातील ३९ टक्के जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. वेदना असह्य असतील, रोजगार बुडत असेल, पायातील शक्ती कमी होत असेल, तर उगाच लांबणीवर टाकू नये.

एका प्रसंगी मात्र थांबण्याला जागाच नाही. लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, बसण्याच्या जागी व जननेंद्रियांभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पाय लुळे पडू लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रात्र असली तरी अपघात विभाग गाठावा. येथे तासांचा हिशेब असतो; उशीर झाल्यास लघवीवरील ताबा कायमचा जाऊ शकतो. दुर्दैवाने संकोचापोटी ही लक्षणे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, घरातही बोलून दाखवत नाहीत.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केवळ नस दाबणारा तुकडा काढला जातो. संपूर्ण चकती नव्हे. पायाची कळ बहुधा लगेच कमी होते, बधिरपणा जायला काही महिने लागतात, आणि जुनी कंबरदुखी या शस्त्रक्रियेने जाईलच असे नाही. हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.